कार्ब्युरेटर खोलण्याआधी रबरी फुगा दाबून पाहा

होडी खाडीतून पाच-दहा मिनिटे नीट चालते, मग वेग वाढवताच इंजिन धापा टाकत बंद पडते आणि थोड्या वेळाने दोरी ओढली की पुन्हा सुरू होते. जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनाची ही तक्रार किनाऱ्यावर कुणालाच नवी नाही. अशा वेळी पहिला पाना बहुधा कार्ब्युरेटरलाच लागतो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी लागावा, कारण बिघाड नेमका कुठे आहे हे टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा बरेचसे सांगून जातो.

इंजिनाच्या अंगावरील छोटा पंप पेट्रोल ओढतो, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पिस्टनच्या हालचालीने क्रँककेसमधील, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतील, दाब सतत कमीजास्त होतो, त्यामुळे पंपातील पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम, मागेपुढे हलतो आणि नळीतील दाब घटतो. टाकीतील पेट्रोल पुढे ढकलण्याचे काम बाहेरच्या हवेचा दाब करतो. टाकीच्या झाकणावरील व्हेंट, म्हणजे हवेचे छिद्र, बंद राहिला तर ही हवा आत येऊ शकत नाही, आणि काही मिनिटांतच इंजिनाची उपासमार सुरू होते. झाकण सैल करताच ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आत शिरली, तर निदान तिथेच संपले.

चालत्या इंजिनाचा फुगा चपटा होत असेल, तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे: व्हेंट, तुंबलेली जाळी किंवा आतून सोललेली नळी. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या नळीवरही विश्वास ठेवू नये.

इंजिन अडखळू लागल्यावर कुणीतरी फुगा दाबत राहिले आणि ते सावरले, तर पंप दुबळा आहे किंवा नळीत हवा शिरते आहे. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडावा. त्यातून बुडबुडे जाताना दिसले, तर हवेची गळती आहे. ही गळती फसवी असते, कारण तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्याने इंजिन चालू असताना पेट्रोलचा थेंबही बाहेर येत नाही. बुडबुडे नसतील, तर संशय डायफ्रॅमवर जातो. तो फाटला असल्यास पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जाते आणि त्या सिलिंडरचा प्लग ओला निघतो.

ही तपासणी रेंगाळू देऊ नये. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, अनेक इंजिनांत 1 लिटरला 20 मिलिलिटर. त्यामुळे इंधन तुटले की वंगणही तुटते, आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

फुगा घट्ट राहतो, बुडबुडे नाहीत, पंपही ठीक आहे आणि चोक थोडा ओढल्यावर इंजिन सुधारते, असे दिसले तरच कार्ब्युरेटर खोलावा. पावसाळाभर पडून राहिलेल्या पेट्रोलातील हलके घटक उडून जातात आणि उरलेल्याचा चिकट थर जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या बारीक छिद्रात, बसतो. तो क्लीनरने मऊ करून हवेच्या झोताने काढावा; पितळी जेटमध्ये तार घातली तर छिद्र मोठे होऊन मिश्रणाचे प्रमाणच बदलते.