ग्राहक आयोगात तक्रार: बिल, जॉबशीट आणि दोन वर्षांचा घोळ

ग्राहकांना तक्रारी लिहून द्यायला आम्ही जिथे बसतो, तिथे दर आठवड्याला कुणीतरी टेबलावर प्लास्टिकची पिशवी उपडी करतं. वॉरंटी कार्ड, माहितीपुस्तिका, दिवाळी ऑफरचं पत्रक, सगळं निघतं. फक्त बिल नसतं. असलंच तर कोरं, कारण दुकानातल्या मशीनमधून निघालेल्या त्या गुळगुळीत कागदावरची छपाई वर्षभरात उडून जाते. मोठी खरेदी केलीत की त्याच दिवशी बिलाची झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटोही घ्या.

आधी पात्रता, थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार मराठीत लिहिलेली चालते आणि आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय गुरुग्रामला असलं म्हणून साताऱ्याच्या माणसाने तिकडे जायची गरज नाही.

बिल नाही, म्हणून परत पाठवलं

काउंटरवर ‘बिल आणा’ म्हटलं की निम्मे लोक घरी जातात ते परत येतच नाहीत. बिल हा सर्वांत सोपा पुरावा, पण एकमेव नव्हे. यूपीआय किंवा कार्डाच्या पैशांची नोंद असलेला बँकेचा उतारा, ॲपमधली ऑर्डर, हप्त्यांवर घेतलं असेल तर कर्जाच्या कागदावरचा मॉडेल क्रमांक, यातून खरेदी सिद्ध करता येते. दुकानदाराकडे दुय्यम प्रत लेखी मागा. त्याने बिलच दिलं नसेल तर या कायद्यात तीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा तक्रारीत तो मुद्दाही लिहा.

बिलावरच्या नावाचा गुंता वेगळाच. मुलगा पुण्याहून स्वतःच्या खात्यावरून मिक्सर मागवतो, वापरते आई आणि तक्रारीला येतात वडील. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच आहे. म्हणून तक्रार आईच्या नावाने करा, मुलाचं दोन ओळींचं संमतिपत्र जोडा, आणि वडिलांना सोबतीला आणा.

जीएसटीचा मोह मात्र महागात पडतो. घरचा फ्रीज स्वतःच्या दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतला की कराचे पैसे वाचतात. पण तोच फ्रीज बंद पडला की समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेप ठरलेला: खरेदी व्यापारी कारणासाठी आहे, तक्रारदार ग्राहकच नाही. वाचवलेले पैसे वाचवणाऱ्यावर असे उलटलेले मी अनेकदा पाहिले आहेत. याला अपवाद आहे तो स्वयंरोजगाराचा. पोट भरण्यासाठी एकच वॉशिंग मशीन घेऊन लाँड्री चालवणारा ग्राहकच ठरतो. मात्र ‘स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून’ हे शब्द तक्रारीत आले पाहिजेत. ते नसतील तर आयोग तुमच्या वतीने लिहून घेणार नाही.

जॉबशीट: जो कागद कुणाकडेच नसतो

वस्तू सदोष आहे हे तुम्ही म्हणताय, पण पुरावा? पुरावा म्हणजे दुरुस्तीला आलेल्या माणसाने लिहिलेली जॉबशीट: तारीख, दोष काय, काय बदललं. पूर्वी तिची कार्बन प्रत मिळायची. आता तो येतो, मागचं झाकण काढतो, ‘गॅस भरलाय, बघा दोन दिवस’ म्हणतो आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागतो. बहुतेक लोक सांगून टाकतात. तो ओटीपी म्हणजे काम समाधानकारक झाल्याची तुमची कबुली असते, आणि कंपनीच्या नोंदीत तक्रार तिथेच बंद होते. चार फेऱ्या झाल्या असतील तर त्यांच्या कागदावर चार वेळा तुमचं समाधान झालेलं असतं!

तेव्हा यंत्र चालू होऊन तुमची खात्री पटेपर्यंत ओटीपी देऊ नका. दिलाच असेल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा: आज अमुक वाजता तंत्रज्ञ आले, हा दोष कायम आहे, जॉबशीट पाठवा. उत्तर आलं नाही तरी तारखेचा कागद तयार होतो. फोनवर चाळीस मिनिटं गाणं ऐकल्याचा पुरावा कसा देणार? खरेदी ऑनलाइन असेल तर आणखी एक आधार आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एक महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. पोच आली नाही, हेही तक्रारीत लिहा.

दोन वर्षं कुठून मोजायची

मुदत दोन वर्षांची, आणि ती मोजायची तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून. इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काहींना वाटतं की खरेदीला दोन वर्षं झाली, संपलं सगळं. तसं नाही. पाच वर्षांच्या वॉरंटीतला कॉम्प्रेसर चौथ्या वर्षी गेला आणि कंपनीने बदलून द्यायला नकार दिला, तर कारण चौथ्या वर्षी घडलं.

दुसरी चूक जास्त घातक आहे. नकार मिळाल्यावर माणूस पत्र लिहितो, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, आणि समजतो की शेवटच्या पत्रापासून दोन वर्षं आहेत. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन चांगली सोय आहे, तिच्यावरून मिटलेली प्रकरणंही आहेत. पण तिथली तक्रार म्हणजे आयोगातली तक्रार नव्हे. ‘आमचं हेल्पलाइनवर चालू आहे’ म्हणत लोक बसून राहतात आणि घड्याळ चालू राहतं.

उशीर झालाच असेल तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज शपथपत्रासह द्या आणि कारण कागदानिशी दाखवा. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्याने क्वचितच भागतं.

दाखल करताना

विरुद्ध पक्ष म्हणून ‘मॅनेजर साहेब, कस्टमर केअर’ असं लिहून आणणारे अजून भेटतात. नोटीस कस्टमर केअरला बजावता येत नाही. विक्रेत्याचं पूर्ण नाव-पत्ता बिलावर असतो. उत्पादक कंपनीचा पत्ता खोक्यावर सापडेल, म्हणून खोकं रद्दीत देऊ नका. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पक्ष करा, नाहीतर प्रत्येक जण गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवतो.

आधी वकिलाची नोटीस पाठवण्याची सक्ती नाही. स्वतःच्या सहीचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि ते पोहोचल्याची ऑनलाइन नोंद लगेच छापून ठेवा. सहा महिन्यांनी शोधाल तर मिळेलच असं नाही.

तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून दाखल करता येते, ते १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं. तक्रार, तारखांचा क्रम, कागदपत्रांची यादी, नोटरी केलेलं शपथपत्र, सगळं स्वच्छ स्कॅन करून, पानांवर क्रमांक घालून चढवा. पान क्रमांक नाहीत, प्रत वाचता येत नाही, यादीतला कागद जोडलेला नाही, अशा किरकोळ त्रुटींत महिना महिना जातो. वरून एकदम सगळ्या त्रुटी सांगत नाहीत. एक दुरुस्त केली की दुसरी निघते. म्हणून पहिल्याच वेळी पूर्ण यादी लेखी मागा.

मागणी बेताची ठेवा. ३२ हजारांच्या फ्रीजसाठी मानसिक त्रासाचे २५ लाख मागितल्याने आयोग बदलत नाही, कारण मोजतात ती दिलेली किंमत. मात्र अशा आकड्याने खरी तक्रारही हास्यास्पद दिसते.

दाखल करून घ्यायचं की नाही, हे साधारण २१ दिवसांत ठरवावं असं कायदा म्हणतो. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असंही म्हणतो. प्रत्यक्षात काय होतं ते आयोगाच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा. एक मुदत मात्र खरोखर कडक आहे: नोटीस मिळाल्यापासून विरुद्ध पक्षाला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यानंतर मुदतवाढ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे नोटीस कोणत्या तारखेला पोहोचली ते लिहून ठेवा. ४६ व्या दिवशी कंपनीचा वकील ‘आणखी एक तारीख द्या’ म्हणाला, तर तोंडी वाद न घालता जबाबाशिवाय प्रकरण पुढे चालवण्याचा लेखी अर्ज द्या.

निकाल बाजूने लागला तरी पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. अपिलाची मुदत ४५ दिवस, आणि अपील करणाऱ्या कंपनीला आदेशातल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत असं झालं, तर त्याच आयोगात वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो. त्याला आदेशाची प्रमाणित प्रत लागेल. पहिली प्रत मोफत मिळते, ती लॅमिनेट करू नका. शिक्के दिसत नाहीत म्हणून एका आजोबांना मागच्याच महिन्यात दुसरी काढावी लागली.