निर्यातबंदीचा हिशोब, उसाच्या टनात

1 जून 2022 पासून साखरेची निर्यात ‘प्रतिबंधित’ यादीत आहे. केंद्राच्या परवानगीशिवाय सहसा पोतं बोटीवर चढत नाही. 2022-23 च्या हंगामासाठी सुमारे 60 लाख टनांची परवानगी मिळाली, 2023-24 मध्ये शून्य, जानेवारी 2025 मध्ये 10 लाख टनांची. बाहेरून येणाऱ्या साखरेवर 2018 पासून 100 टक्के आयातशुल्क आहे, ते वेगळंच. म्हणजे एकाच मालावर दोन्ही बाजूंनी बंधन. यातल्या कुठल्या बंधनाचा कोल्हापूरच्या ऊस उत्पादकावर खरोखर परिणाम होतो?

आयातशुल्काचा बहुतेक वर्षी परिणामच होत नाही. समजा परदेशी साखर बंदरात 38 रुपये किलोनं उतरली. शुल्क धरून ती 76 ला पडेल. म्हणून देशात साखर 76 ला विकत नाही. देशी कारखाने एकमेकांशी स्पर्धा करतात, आणि उत्पादन खपापेक्षा जास्त असलं की भाव 38-40 च्या घरातच राहतो. आयात थांबवायला 10-20 टक्के शुल्कही पुरलं असतं, वरचं सगळं कागदावरचं. शेतकऱ्याला ‘शंभर टक्के संरक्षण आहे’ असं सांगितलं जातं, ते या अर्थानं पोकळ आहे.

निर्यातबंदीचा मात्र थेट परिणाम होतो. पुढचे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, पण रीत हीच. बंदरात बोटीवर चढवलेल्या साखरेला 45 रुपये मिळत असतील आणि कारखान्यापासून बंदरापर्यंत वाहतूक, हमाली, चढवणी मिळून 3 रुपये लागत असतील, तर कारखान्याच्या दारात 42 रुपये पडतात. निर्यात खुली असेल तर कुठलाही कारखाना देशातल्या व्यापाऱ्याला 42 च्या खाली माल देणार नाही. थोडीच साखर बाहेर गेली तरी भाव सगळ्या साखरेचा हलतो, हे इथं नीट लक्षात घ्यावं. बंदी आली की भाव 38 वर बसतो. फरक किलोला 4 रुपये.

उतारा (उसातून निघणारी साखर) 12 टक्के धरला तर टनाला 120 किलो साखर, म्हणजे टन उसामागे 480 रुपये. एकरी 40 टनांना 19,200. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, कायद्यानं द्यावीच लागते (2024-25 साठी 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,400 रुपये), त्यामुळे हा खड्डा आधी कारखान्याच्या ताळेबंदात पडतो आणि मग एफआरपीच्या वरच्या रकमेत दिसतो. शिवाय न विकलेली साखर गोदामात माल तारण कर्जावर पडून राहते. 38 रुपयांच्या मालावर दसादशे 10 टक्के व्याज म्हणजे किलोमागे महिन्याला साधारण 32 पैसे.

आता दुसरी बाजू. महिन्याला 5 किलो साखर लागणाऱ्या घराचे वर्षाला 240 रुपये वाचतात. गरिबाच्या घरात तेही मोलाचे आहेत. पण देशातल्या साखरेचा मोठा वाटा मिठाई, बिस्किटं आणि शीतपेयांत जातो, तिथली बचत गिऱ्हाइकापर्यंत पोचेलच असं नाही. गरिबालाच स्वस्त साखर द्यायची असेल तर रेशनवर अनुदान देणं सरळ आहे. बंदीनं तेच अनुदान ऊसवाल्याच्या खिशातून, सगळ्यांना सरसकट दिलं जातं.

कोट्यानं आणखी एक घोळ होतो. 2022-23 मध्ये निर्यातीचा कोटा जवळपास सगळ्या कारखान्यांना मागच्या उत्पादनाच्या प्रमाणात वाटला. उत्तर प्रदेशातल्या कारखान्याला बंदर लांब, आपल्याला जयगड जवळ. म्हणून केंद्रानं ठरवून दिलेला आपला देशांतर्गत विक्रीचा कोटा देऊन दुसऱ्याचा निर्यात कोटा घेण्याची मुभा होती, आणि त्यासाठी वरकड पैसे मोजावे लागत. ती रक्कम म्हणजे परवान्याची किंमत: ना शेतकऱ्याला, ना सरकारला, कोटा हातात असणाऱ्याला. निर्यातकर लावला असता तर निदान तिजोरीत गेली असती.

मुळात व्यापारानं फायदा का होतो, हे इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोनं 1817 मध्ये आकड्यांनी दाखवलं. त्याच्या उदाहरणात पोर्तुगालला ठरावीक दारू करायला 80 माणसं लागतात आणि कापडाला 90, इंग्लंडला 120 आणि 100. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरी 80 माणसांची दारू देऊन, घरी 90 माणसं लागली असती ते कापड त्याला मिळतं, आणि इंग्लंडला 120 ऐवजी 100 मध्ये दारू. दोघांचेही हात वाचतात.

मग बंधनं कधीच नकोत का? तसं नाही. कोल्हापुरात शालेय शिक्षण घेतलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात, इंग्लंडचा सिद्धांत जसाच्या तसा इथं लागू पडत नाही, असं ठामपणे मांडलं. नवा उद्योग शिकेपर्यंत त्याला आडोसा हवा. परदेशी साखरेवर शुल्क लावणाऱ्या 1932 च्या संरक्षण कायद्यानंतर चार-पाच वर्षांत देशातले साखर कारखाने तिसाच्या आसपास होते ते सव्वाशेच्या वर गेले. संरक्षणाला मुदत होती, पण ते 1950 पर्यंत लांबलं. या युक्तिवादातली खरी अडचण हीच: आडोसा काढायची तारीख कोणी पाळत नाही. कोणी मुद्दाम कवडीमोलानं माल ओतत असेल तर त्यावर शुल्क लावणंही रास्त, फक्त चौकशी नीट व्हावी.

आडोशाचा मार तो माल कच्चा माल म्हणून वापरणाऱ्या उद्योगाला बसतो, तो कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत (लोखंड ओतणाऱ्या कारखान्यात) मोजता येतो. समजा 100 रुपयांच्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) 50 रुपयांचं पिग आयर्न आणि स्क्रॅप आहे. कच्च्या लोखंडाचा भाव शुल्कानं 10 टक्के वाढला, की खर्च 5 रुपयांनी वाढतो. परदेशी गिऱ्हाईक 100 च्या वर देत नाही. मजुरी, वीज, व्याज आणि नफ्याला उरलेल्या 50 चे 45 होतात. बाहेर गेलेल्या मालावर शुल्क परतावा आहे, पण त्याचा सरासरी दर भरलेल्या शुल्कावरून ठरतो. आडोशामुळे देशी पुरवठादारानं वाढवलेली किंमत त्यात धरली जात नाही. क्युपोला (लोखंड वितळवायची कोकवरची भट्टी) चालवणाऱ्यांना 2025 च्या सुरुवातीपासून कमी राखेच्या कोकच्या आयात कोट्याचाही ताप झाला.

साखरेपुरतं सांगायचं तर अन्नसुरक्षेसाठी दोन-अडीच महिन्यांच्या खपाएवढा साठा हंगामाअखेर उरायला हवा, हे मान्य. तो आकडा ऑक्टोबरात, गाळपाआधी, जाहीर करावा. अंदाजे उत्पादनातून इथेनॉलकडे वळलेली साखर, खप आणि साठा वजा करून उरेल तेवढी निर्यात आपोआप खुली व्हावी. पाऊस बिघडला तर बंदीऐवजी पायरीपायरीनं वाढणारा निर्यातकर लावावा, आणि त्याचे पैसे रेशनच्या साखरेला द्यावेत. जानेवारीत परवानगी आली तर तोवर निम्मा हंगाम सरत आलेला असतो, आणि ज्या कारखान्याला व्याज झेपत नाही त्यानं साखर आधीच 38 नं विकलेली असते.