रबर बाधतं की त्यावर लावलेलं काही?

खानापूरकडचं एक जोडपं मागच्या पावसाळ्यात आमच्या मेडिकलमध्ये आलं. नवरा बाहेर गाडीवरच बसून राहिला. बायकोने पेपरात गुंडाळलेलं कंडोमचं पाकीट काउंटरवर सरकवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काका, हे रबर मला सोसत नाही. आग होते. आता वापरायचंच बंद केलंय."

पाकिटावर पुढे ठळक ‘लाँग लास्टिंग’ होतं, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘बेंझोकेन’. हे बधिर करणारं औषध पुरुषासाठी आतून लावलेलं असतं, पण ते पसरतं आणि बाईला झोंबू शकतं. मी विचारलं, "भांडी घासताना रबरी मोजे घालता? फुगा फुगवताना ओठ खाजतात?" ती म्हणाली, "नाही की वो काका, शाळेत स्वयंपाकाला असते, मोजे रोजचेच, कधी काही झालं नाही." मग दोष रबराचा नसावा, असं मला वाटलं.

ही गल्लत बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठल्याही काउंटरवर होते. जळजळ झाली की लोक ‘ॲलर्जी’ म्हणतात आणि कंडोमच सोडून देतात. पण साधी जळजळ आणि लॅटेक्सची, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराची, ॲलर्जी ही दोन वेगळी दुखणी आहेत.

जळजळ त्याच जागी होते: आग, लाली, कोरडेपणा. कारण बहुतेकदा वरून घातलेलं काहीतरी असतं. बेंझोकेन, स्ट्रॉबेरी-चॉकलेटचा वास, शुक्रजंतुनाशक नॉनॉक्सिनॉल-९, किंवा नुसतं कमी पडलेलं वंगण. नॉनॉक्सिनॉल तर वारंवार वापरलं की आतलं नाजूक अस्तर सोलवटतं आणि एचआयव्हीचा धोका वाढतो. संरक्षण म्हणून घ्यायचं आणि दार उघडं ठेवायचं, असला प्रकार. ते लिहिलेलं पाकीट मी तरी कुणाला देत नाही.

लॅटेक्सची खरी ॲलर्जी म्हणजे रबराच्या चिकातल्या प्रथिनांवर शरीर उसळणं. काही मिनिटांत खाज, सूज, आणि स्पर्श न झालेल्या जागीही पित्तासारख्या गांधी. डोळे-नाक वाहणं, छातीत घरघर. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ला फोन करा. रोज हातमोजे घालणाऱ्या नर्स, लहानपणापासून बऱ्याच शस्त्रक्रिया झालेली माणसं यांच्यात ही जास्त दिसते. यांतल्या काहींना केळं, किवी किंवा ॲव्होकॅडो खाल्ल्यावरही तोंड खाजतं, कारण त्या फळांतली प्रथिनं रबराच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. केळं खाऊन घसा खवखवतो असं कुणी सहज बोललं तरी मी कान टवकारतो.

मधला एक प्रकार मात्र चकवतो. खाज-पुरळ एक-दोन दिवसांनी उठतं. तोपर्यंत कंडोम विसरलेला असतो आणि दोष जातो नव्या साबणाला. तिथे दोषी बहुधा रबर पक्कं करताना वापरलेली रसायनं असतात. आणि दह्यासारखा स्राव असेल, तर ते बुरशीचं दुखणं असू शकतं. कंडोमचे ब्रँड बदलून ते जाणार नाही.

निवड यावरच ठरते. नुसती जागच्या जागी जळजळ असेल तर आधी बिनवासाचा, बधिर न करणारा साधा कंडोम आणि जोडीला पाण्याचं जेल. १९६८ पासून चालत आलेला सरकारी निरोधही लॅटेक्सचाच, ‘अल्ट्रा थिन’ही बहुतेक लॅटेक्सचेच, पातळ म्हणजे बिनलॅटेक्स नव्हे. मात्र गांधी किंवा श्वासाचा त्रास एकदा जरी झाला असेल, तर ‘करून बघू’ अजिबात नको.

अशांनी बिनलॅटेक्सच घ्यावा. पॉलिआयसोप्रीन हे कारखान्यात बनवलेलं रबर लॅटेक्ससारखंच ताणतं आणि त्यात झाडाची प्रथिनं नसतात. पण पक्कं करणारी रसायनं त्यातही असू शकतात, म्हणून उशिरा पुरळ उठणाऱ्यांना पॉलियुरेथेन हे प्लास्टिक बरं. ते कमी ताणतं, त्यामुळे निसटण्या-फाटण्याची शक्यता थोडी जास्त. मेंढीच्या आतड्याचे कंडोम गर्भ रोखतात, एचआयव्ही नाही. आपल्याकडे सवयीने हात खोबरेल तेलाकडे जातो, पण तेल किंवा व्हॅसलीन लागलं की लॅटेक्स आणि पॉलिआयसोप्रीन दोन्ही कमकुवत होतात.

त्या वहिनींना मी साधं पाकीट आणि जेलची ट्यूब दिली. महिन्याभराने तेच पाकीट न्यायला नवरा आला, या वेळी गाडीवरून उतरून.

खऱ्या ॲलर्जीची शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे रक्ताची किंवा त्वचेवरची चाचणी होते. ॲलर्जी निघाली, तर दाताच्या डॉक्टरांना आणि बाळंतपणाआधी दवाखान्यात आठवणीने सांगा. त्यांच्या हातातले मोजेही लॅटेक्सचे असू शकतात.