हलकी हवी, पाणचट नको

हलकी पिल्सनर, म्हणजे थंडीत आंबवलेली फिकट सोनेरी लागर बिअर, घरी बनवायची म्हटलं की बहुतेक जण नेहमीच्याच रेसिपीतलं धान्य तिसऱ्या हिश्शाने कमी करतात. अल्कोहोल उतरतं खरं, पण त्याबरोबर चवही जाते आणि पेल्यात उरतं ते कडवट, फेसाळ पाणी. रेसिपी नुसती आकसून भागत नाही, ती नव्याने मांडावी लागते.

सुरुवात मॅशपासून, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवण्यापासून. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. ती भरडून गरम पाण्यात भिजवली की तिच्यातली एन्झाइम्स स्टार्च तोडायला लागतात. बीटा-अमायलेज 60 ते 65 अंश सेल्सिअसला जोरात असतं. ते स्टार्चच्या लांब साखळीच्या टोकाकडून माल्टोज ही साखर सोडवत जातं, आणि माल्टोज यीस्ट चटकन फस्त करतं. तापमान सत्तरच्या जवळ गेलं की बीटा लवकर थकतं आणि अल्फा-अमायलेजचं राज्य येतं. ते साखळी मधेच कुठेही तोडतं, त्यामुळे यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिनचे तुकडे मागे राहतात. म्हणून हलक्या बिअरचा मॅश मी 68-69 अंशांवर ठेवतो. अल्कोहोल कमी होतं, पण घोटाला थोडा भरीवपणा राहतो.

मात्र डेक्स्ट्रिनला स्वतःची अशी चव जवळजवळ नसते. ती माल्टमधूनच आणायची. 20 लिटरसाठी 2.7 किलो पिल्सनर माल्ट आणि 500 ग्रॅम म्युनिक माल्ट घ्या. म्युनिक जरा जास्त तापमानाला वाळवलेलं असतं, त्यातून ताज्या पावाच्या कडेसारखा स्वाद येतो. तांदूळ किंवा मका घालायचा मोह टाळा, ते स्वाद आणखी पातळ करतात. पाण्याची घनता 1 धरून आंबण्याआधीची घनता 1.036 आणि आंबल्यानंतरची 1.010 आली, तर अल्कोहोल साधारण 3.4 टक्के भरतं.

हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं, तेही त्याच मापात हवेत. पूर्ण ताकदीच्या चेक पिल्सनरला 35 आयबीयूचा (आयबीयू हे कडवटपणाचं एकक) कडवटपणा शोभतो, इथे 22-23 पुरे. 3.5 टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा याच आम्लातून येतो) साझ जातीचे हॉप्स असतील, तर 40 ग्रॅम शेवटच्या तासाभरासाठी आणि 20 ग्रॅम शेवटच्या 15 मिनिटांसाठी उकळा. पाणी मृदू असावं. योसेफ ग्रोल या बिअर बनवणाऱ्याने 1842 मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन शहरात पहिली पिल्सनर बनवली, तेव्हा तिथलं मृदू पाणी त्याच्या पथ्यावर पडलं होतं. सल्फेट जास्त असलेल्या पाण्यात हाच कडवटपणा जिभेला टोचतो.

उकळताना झाकण ठेवू नका. फिकट माल्टमधून डायमिथाइल सल्फाइड सुटतं, त्याला उकडलेल्या मक्याचा वास असतो. ते वाफेबरोबर निघून जायला हवं. दीड तास उकळलेलं बरं.

आता यीस्ट. लागर यीस्ट हा दोन जातींचा संकर, 10 अंशांच्या थंडीतही काम करणारा. त्याने बाहेर टाकलेल्या एका पदार्थापासून डायअसिटाइल तयार होतं. वास थेट लोण्याचा, आणि हलक्या बिअरमध्ये तो लपत नाही. यीस्ट नंतर ते पुन्हा शोषून घेतं, पण थंडीत फार सावकाश. म्हणून आंबणं संपत आलं की तापमान 16 अंशांपर्यंत चढवून दोन-तीन दिवस थांबायचं.

काम झालं का, हे नाकालाच विचारायचं. दोन पेल्यांत थोडी थोडी बिअर घ्या, वर झाकण ठेवा. एक पेला 65 अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, मग गार करून दोन्ही हुंगा. उष्णतेने उरलेल्या त्या पदार्थाचंही डायअसिटाइल होतं, त्यामुळे पुढे येणारा वास आजच कळतो. तापवलेल्या पेल्याला लोण्याचा वास आला, तर आणखी दोन दिवस थांबून पुन्हा हुंगा. दोन्ही सारखेच वाटले, की मग बिअर शून्य अंशाजवळ तीन-चार आठवडे मुरायला ठेवा.