मेनारा: शंभर मीटरवर चढणारे पाणी

विहिरीवर मोटर बसवणाऱ्या कोणालाही विचारा. पाणी फार खोल गेले की वर ठेवलेल्या मोटरचा उपयोग नाही, तिला विहिरीत खाली उतरवावी लागते. कारण वर ठेवलेली मोटर पाणी ओढत नसतेच. ती पाइपातला दाब कमी करते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. हवेला फार तर १०.३ मीटर उंचीपर्यंत पाणी ढकलता येते, प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

आता मलेशियाच्या साबा राज्यातल्या दानुम खोऱ्यातला पिवळा मेरांटी घ्या. बोर्निओच्या वर्षावनातल्या या झाडाची उंची १००.८ मीटर आहे. विमानातून केलेल्या लेझर मोजणीत ते नजरेत भरले. मग जानेवारी २०१९ मध्ये वृक्षारोहक उंडिंग जामी टेप घेऊन थेट शेंड्यापर्यंत चढले आणि उंची पक्की झाली. झाडाचे नाव ठेवले मेनारा, म्हणजे मलय भाषेत मनोरा. आपला मिनार हा त्याचाच भाऊ. मुळे सोडून वजन अंदाजे ८१,५०० किलो, आणि त्यातले ९५ टक्के नुसत्या खोडाचे! आपला साल वृक्षही याच शोरिया प्रजातीतला.

मग शेंड्यावरच्या पानाला पाणी पाजतो कोण?

शाळेत बहुतेकांनी 'केशाकर्षण', म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढणे, असे उत्तर लिहिले असेल. हिशेब करून पाहू. अशा झाडांतल्या जलवाहिन्या साधारण ०.२ मिलिमीटर रुंद असतात. तेवढ्या नळीत केशाकर्षणाने पाणी चढते जेमतेम १५ सेंटिमीटर. मुळांचा दाबही इथवर पुरत नाही.

खरी जागा पानात आहे. पानातल्या पेशींच्या ओल्या भित्तिकांत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. बाष्पोच्छ्वासाने पाणी उडाले की प्रत्येक छिद्रातला पाण्याचा पृष्ठभाग आत वाकतो आणि मागचे पाणी खेचतो. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रातला पृष्ठभाग सुमारे १४० वातावरणांइतका ताण पेलू शकतो (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब). पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे ही ओढ साखळीसारखी मुळापर्यंत पोहोचते. शंभर मीटरचा स्तंभ नुसता तोलून धरायलाच १० वातावरणे लागतात, घर्षण वेगळे. म्हणजे वरच्या वाहिन्यांतला दाब शून्याच्याही खाली, ऋण असतो. तिथले पाणी दाबलेले नसते, ताणलेले असते. द्रव पदार्थ दोरीसारखा ताणला जातो, हे मला आजही अद्भुत वाटते. १८९४ साली डब्लिनचे शास्त्रज्ञ डिक्सन आणि जोली यांनी हे मांडले तेव्हा अनेकांना ते पटले नव्हते.

जगदीशचंद्र बोसांचे मत वेगळे होते. खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन पावून रस वर ढकलतात, असे त्यांनी १९२३ मध्ये मांडले. त्याचाच आधार घेऊन 'झाडालाही हृदय असते' असे मजकूर फोनवर फिरतात. बोसांबद्दल मला अपार आदर आहे, पण ही कल्पना टिकली नाही. जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी त्याआधीच कापलेली झाडे विषारी द्रावणात उभी करून खोडातल्या पेशी मारल्या होत्या. तरीही द्रावण वर चढतच राहिले.

या पद्धतीत धोका एकच, तो म्हणजे मोटरने हवा धरावी तसा. दुष्काळात ताण वाढला की वाहिनीत बुडबुडा शिरतो आणि स्तंभ तुटतो. तुटण्याचा तो आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही, पण श्राव्यातीत ध्वनी टिपणाऱ्या उपकरणांनी तो नोंदवता येतो. शेजारच्या वाहिनीत हवा सहसा जात नाही, कारण मधल्या खाचांतल्या पडद्यांची छिद्रे फारच बारीक असतात. उंची वाढते तसा ताण वाढतो आणि पाने पुरेशी फुलत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या रेडवुडवरून २००४ मध्ये संशोधकांनी झाडांच्या उंचीची मर्यादा १२२ ते १३० मीटर काढली होती.

या वाहिन्या बघायला बोर्निओला जायची गरज नाही. मेरांटीच्याच कुळातल्या गर्जन झाडाचे प्लायवुड आपल्याकडे दुकानोदुकानी मिळते. त्याच्या लालसर पृष्ठभागावर पॉलिश करण्याआधी बारीक, लांबट रेघा दिसतात. त्या ओरखडे नव्हेत. झाड उभे असताना त्यांतूनच ताणलेले पाणी वर जात होते.