सड्यावरूनही न चुकणारा उजेड

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, अमावास्येच्या सुमारास, पाऊस सरल्यावर, आकाशगंगा अजून नुसत्या डोळ्यांनी दिसते. बंदरांचे फ्लडलाइट, हायवेचे दिवे, एलईडी लावून होणारी मासेमारी यांचा उजेड वाढतोय, पण तो चुकवता तरी येतो. डोंगराआड जावं, नाहीतर ग्रामपंचायतीला सांगून दिव्यांची तोंडं खाली वळवून घ्यावीत. उपग्रहांचा उजेड मात्र कुठेही गेलं तरी डोक्यावर असतोच.

हा उजेड म्हणजे उपग्रहाच्या अंगावर आणि सौरपट्ट्यांवर पडलेलं ऊन. आपल्याकडे सूर्य बुडाला तरी ५५० किलोमीटर उंचीवर ऊन असतं. कोकणातून पाहिलं तर माथ्यावरचा एवढ्या उंचीचा उपग्रह सूर्यास्तानंतर साधारण पावणेदोन तासांनी पृथ्वीच्या सावलीत शिरतो. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर पश्चिमेकडून येणारा एखादा ठिपका नजरेत धरून ठेवा. पुढे सरकता सरकता तो मंदावतो आणि समोर ढग नसतानाही विझतो. सावलीची कड तिथे असते. मध्यरात्री आपलं बरंचसं आकाश मोकळं होतं. उत्तर युरोपात उन्हाळ्यात तेही नशिबी नाही, तिथे हे ठिपके रात्रभर दिसतात.

मे २०१९मध्ये आकाशातून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकत्र सोडले गेले आणि त्यांची दिव्यांची माळ जगभर लोकांनी पाहिली. त्या वर्षाच्या सुरुवातीला चालू उपग्रह दोनेक हजार होते, आता ते दहा हजारांच्या वर गेलेत.

खरी अडचण दुर्बिणींची आहे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचा ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा एका वेळी आकाशाचा फार मोठा तुकडा टिपतो, त्यामुळे त्यात उपग्रहाची रेघ सापडण्याची शक्यताही मोठी. रेघेखालची माहिती वाया जाते. सूर्याच्या बाजूने येणारे लघुग्रह तर संधिप्रकाशातच शोधावे लागतात, आणि उपग्रह सर्वाधिक दिसतात तेही तेव्हाच. पृथ्वीकडे येणारा धोंडा वेळेत दिसावा यासाठीचं हे काम आहे, ते अडखळणं मला सर्वांत गंभीर वाटतं.

उपग्रह तेजाच्या सातव्या प्रतीपेक्षा मंद असावेत (प्रतीचा आकडा मोठा तितकं तेज कमी), म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसू नयेत, अशी खगोलशास्त्रज्ञांची मागणी आहे. काही कंपन्यांनी काळे लेप आणि ऊन अडवणाऱ्या झडपा वापरून पाहिल्या, चमक थोडी उतरलीही. पण हे सगळं ऐच्छिक आहे. १९६७च्या अंतराळ करारात उपग्रहांच्या चमकेवर कोणतीही मर्यादा नाही, आणि ती घालायची तर सरकारांनाच एकत्र बसावं लागेल. त्यात भारतानेही आग्रह धरायला हवा.