गावात रोज कोण ठरवतं?

आमच्याकडे अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यात कापूस वेचणी सुरू झाली की संध्याकाळी बांधावर एक छोटासा बाजार भरतो. निंबाच्या फांदीला वजनकाटा टांगलेला, खाली प्रत्येकीचं गठुडं, आणि सगळ्या बायांची नजर काट्यावर, कारण सकाळच्या दवाने कापूस ओला होता म्हणून मालक किलो-दोन किलो कापणार हे त्यांना माहीत असतं आणि किती कापू द्यायचं हे पण त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. एका बोंडातून साधारण ४-५ ग्रॅम कापूस निघतो, म्हणजे एका किलोला दोनशे ते अडीचशे बोंडं. दिवसाला ४० किलो वेचणाऱ्या बाईचा हात ८ ते १० हजार वेळा त्या टोकदार बोंडात जातो. हे एकदा कागदावर मांडून बघितलं तेव्हा मी जरा गप्पच झालो.

तर वेचणीचा भाव किलोवर असतो आणि निंदणीचा रोजावर, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर. हा "रोज" कोण ठरवतं? किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्येच झाला, सरकार दर जाहीरही करतं, पण आजचा सरकारी दर किती असं गावात विचारा, शेतकरी सांगणार नाही आणि मजूरही सांगणार नाही. आपल्या गावात निंदणीचा रोज किती आणि शेजारच्या गावात किती हे मात्र पोरंसोरं सांगतील. मीटिंग नाही, ठराव नाही, कुठे लिहिलेलं नाही, तरी सगळ्या गावात एकच आकडा असतो. यामागे बरंच विज्ञान आहे, म्हणजे अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र, आणि गेल्या १५-२० वर्षांत त्यावर आपल्याच देशात फार भारी काम झालंय.

आधी घरचा किस्सा सांगतो. एका वर्षी पाऊस लवकर गेला, कापूस गुडघ्याएवढाच राहिला, कामं नव्हतीच. आमच्या नानांनी हिशोब लावला की काम कमी, हात जास्त, मग रोज थोडा उतरायला पाहिजे. पुस्तकातलं मागणी-पुरवठ्याचं गणितही हेच सांगतं. नानांनी बाया जमवणाऱ्या मावशीला निरोप दिला की यंदा थोडं कमी घ्या, सगळ्यांना काम देतो. मावशी ओट्यावर आली, पाणी पिली आणि म्हणाली, "इतलामा नही परवडस नाना." आणि गेली. पुढचे आठ दिवस त्या बाया घरी बसून होत्या, शून्य रुपयात, पण कमी रोजाने कोणी आली नाही. नाना म्हणाले माज आलाय. मलाही तेव्हा तेच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पुढे सुप्रीत कौर या बर्कलीच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचण्यात आलं. त्यांनी भारतातल्या जिल्ह्यांची १९५६ पासूनची पन्नासेक वर्षांची पावसाची आणि शेतमजुरीची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवली. चांगला पाऊस झाला की मजुरी वाढते, हे अपेक्षितच. पण पुढच्या वर्षी दुष्काळ पडला तर ती खाली येत नाही, चढलेली चढलेलीच राहते, आणि मग शेतकरी काय करतो तर माणसं कमी लावतो. म्हणजे दुष्काळाचा फटका रोजाच्या आकड्यावर न बसता कामाच्या दिवसांवर बसतो. आमच्या ओट्यावर जे घडलं ते देशभर घडत होतं.

यातली खरी गंमत महागाईची आहे. ज्या वर्षी तेल, डाळ, सगळंच महागलेलं असतं त्या वर्षी शेतकऱ्याला रोज कमी करायची गरजच पडत नाही, आकडा आहे तिथे ठेवला तरी त्यात येणारा किराणा कमी झालेला असतो. आणि याला मजूर "नाही" म्हणत नाहीत! कौर यांनी लोकांना विचारूनही पाहिलं, तेव्हा आकडा कमी करणं लोकांना अन्याय वाटला, आणि आकडा तोच ठेवून महागाईने मजुरी खाणं तेवढं खुपलं नाही. नानांना हे माहीत असतं तर ते ओट्यावर काही बोललेच नसते, वर्षभर गप्प बसले असते बस्स.

आता प्रश्न असा की उपाशी बसेन पण कमी घेणार नाही, हे प्रत्येकीचं स्वतःचं मत असतं की चारचौघींचा धाक? याचं उत्तर ओडिशातल्या गावांमधल्या एका प्रयोगात मिळालं. कौर, एमिली ब्रेझा आणि त्यांच्या सोबत्यांनी खऱ्या शेतकऱ्यांकडून खऱ्या मजुरांना चालू रोजापेक्षा कमी पैशात काम देऊ केलं. काहींना घरात एकट्याला विचारलं, काहींना गल्लीत, बाकीच्यांच्या देखत. एकट्यात विचारल्यावर काही जण तयार झाले. चारचौघांत विचारलं तर जवळपास कोणीच नाही. पुढे एका खेळातून असंही दिसलं की जो कमी रोजात गेला त्याला अद्दल घडावी म्हणून मजूर स्वतःच्या खिशातले पैसे सोडायला तयार होते, तो माणूस कोण हे माहीत नसताना सुद्धा.

म्हणजे युनियन नाही, झेंडा नाही, वर्गणी नाही, तरी संप चालू. आणि हा संप टिकतो तो एकमेकींच्या तोंडाकडे बघून, उद्या परत त्याच नळावर भेटायचंय म्हणून. नाना ज्याला माज म्हणाले तो हाच होता.

याची किंमतही आहे. याच मंडळींनी ओडिशात दुसऱ्या एका अभ्यासात गावातले बरेच पुरुष मजूर महिनाभर गावाबाहेरच्या कामावर नेले आणि मागे गावात काय होतं ते पाहिलं. हंगामात माणसं कमी झाल्याबरोबर रोज वाढला. पण रिकाम्या महिन्यांत एवढी माणसं काढून नेली तरी रोज हलला नाही आणि गावातलं एकूण काम पण कमी झालं नाही, मागे राहिलेल्यांनी ते उचललं. हिशोब केला तर रिकाम्या महिन्यात एक चतुर्थांशाहून जास्त हात असे निघाले की चालू रोजावर काम करायला तयार, पण काम नाही. शेतकरी म्हणतो मजूर मिळत नाही आणि मजूर म्हणतो काम मिळत नाही, दोघंही खरं बोलतात, फक्त महिने वेगळे असतात. कार्तिकात एक आणि चैत्र-वैशाखात दुसरा.

वैशाखावरून आखाजी (अक्षय्य तृतीया) आठवली. खान्देशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचे झोके आणि गाणी हे सगळ्यांना माहीत आहे, पण सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्षही आखाजीलाच संपायचं आणि नवीन ठरायचं. वर्षाचे पैसे, धान्य, कपडे-जोडे असं सगळं एकदाच बोलून घ्यायचं, आणि उचल घेतलेली असली (असायचीच) तर बोलण्यासारखं फार काही उरायचं नाही. सालदार एकटा बोलायचा, ओट्याखाली उभा राहून. वर सांगितलेला चारचौघींचा धाक इथे काही कामाचा नव्हता कारण चारचौघं तिथे नसायचेच. ते एकत्र आले की काय होतं हे शहादा-तळोदा भागात १९७० नंतर दिसलं. अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ ची श्रमिक संघटना यांच्यामागे भिल्ल सालदार-मजूर गोळा झाले, गेलेल्या जमिनी आणि सालदाराची मजुरी हे प्रश्न रस्त्यावर आले, आणि बाया दारूच्या प्रश्नावर पुढे सरसावल्या. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा, तो याच काळातला.

आता सालदार फार थोडे राहिलेत. कारण आंदोलनापेक्षा साधं आहे, तेवढी शेतीच एका घराकडे राहिली नाही. महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन १९७०-७१ च्या कृषी गणनेत ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४. सव्वा हेक्टरच्या जरा वर असलेला माणूस वर्षभर गडी कुठून ठेवेल? तो ट्रॅक्टर भाड्याने आणतो आणि निंदणी-वेचणीला रोजाने नाहीतर उक्ती (पूर्ण कामाचे एकरकमी पैसे ठरवून) माणसं लावतो. बाय द वे, ही सरासरी बघून जमिनीची विषमता कमी झाली असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका, कृषी गणनेत ज्याच्याकडे वहितीला जमीन आहे तोच मोजला जातो, भूमिहीन त्या रकान्यात येतच नाही.

बायांचा रोज हा वेगळाच विषय. समान कामाला समान मजुरी हा कायदा १९७६ लाच झाला. रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात मोठी झाली, १९७७ ला तिचा कायदा झाला, त्यात माती खोदली तर ब्रास मोजून पैसे, बाई-गडी फरक नाही. पण शेतात गड्याचा रोज वेगळा आणि बाईचा वेगळा, आणि ज्या गुपचूप एकीने रोज खाली येऊ दिला नाही तीच एकी हा फरकही तसाच जपते, कारण "बाईचा रोज इतका" हा सुद्धा गावाने मनात धरलेला आकडाच आहे. कारण विचारा, सांगतील गड्याचं काम जड असतं. बरं, मग वेचणीत बाईचा हात गड्यापेक्षा जलद चालतो तर तिथे उलटं का होत नाही? तिथे ते "बायांचं काम" होऊन जातं, मग त्याचा भाव बायांच्या हिशोबानेच लागतो. वरून आता तणनाशक आलं. चार-पाच बायांची निंदणी एक गडी पाठीवर पंप घेऊन सकाळभरात उरकतो, त्याचा रोज गड्याचा, आणि बायांचे तेवढे दिवस गेले. यावर कोणी आंदोलन केलेलं मी तरी ऐकलं नाही.

ऊसतोडीत तर बाई हिशोबातच वेगळी दिसत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल कोयत्यावर, पैसे कोयत्यावर, खाडा झाला तर कापणार कोयत्यावर. मोळी डोक्यावर ती वाहते.

आणि कोयत्यावरूनच या गोष्टीची दुसरी बाजू कळते. १९७० च्या दशकात यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ दक्षिण गुजरातेत बारडोलीकडे फिरत होते. त्यांना दिसलं की साखर कारखाने ऊस तोडायला खान्देशातून टोळ्या आणतात, आणि त्याच गावांतले भूमिहीन हळपती (तिथले आदिवासी शेतमजूर) घरात काम नसल्यासारखे बसलेले किंवा दुसरीकडे कामाला निघालेले. दारात माणूस असताना इतक्या लांबून का आणायचा? कारण दारातला माणूस "नाही परवडत" म्हणू शकतो, संध्याकाळी घरी जाऊ शकतो, त्याच्या मागे त्याची गल्ली असते. परक्या मुलखात पालावर राहणारा, उचल घेऊन आलेला, मुकादमाच्या भरवशावर असलेला माणूस कोणाच्या तोंडाकडे बघून नाही म्हणणार?

आपले लोक तिकडे परके. आणि आपल्याकडे काय? चोपडा, रावेर, यावलकडे केळी आणि कापसाला सातपुड्याच्या पलीकडून, मध्य प्रदेशातून गाड्या भरून पावरा-बारेला आदिवासी कुटुंबं येतात. शेतातच झोपडी, पोरं तिथेच. गावातल्या बाया म्हणतात त्यांनी आमचा भाव पाडला, आणि नेमकं हेच वाक्य बारडोलीच्या हळपतीने आपल्या माणसांबद्दल म्हटलं असेल तर नवल नाही. या बाहेरून आलेल्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की इथला रोज किती, मुकादम सांगेल तोच. दोन टोळ्यांची भाषा वेगळी, नळ वेगळा, त्यामुळे एकमेकींचा धाक पण नाही.

अजून एक अभ्यास मला फार आवडतो, तो इंग्लंडातल्या फळबागेचा आहे, बँडिएरा, बारांके आणि रसूल या तिघांचा. तिथे आधी अशी पद्धत होती की सगळ्यांची सरासरी तोडणी वाढली की किलोचा दर उतरायचा, म्हणजे एकाने जोर लावला तर बाकीच्यांचं नुकसान. मग मालकाने सरळ ठरलेला दर किलोवर द्यायला सुरुवात केली आणि तोडणी निदान ५० टक्क्यांनी वाढली. आधी हात का आखडता होता? तर शेजारच्या ओळीत मित्र असला आणि एकमेकांचं काम दिसत असलं की लोक मुद्दाम सावकाश तोडायचे, त्याचं नुकसान नको म्हणून. आमच्याकडे उक्त्या निंदणीत हे उघड चालतं. एखादी म्हातारी मागे पडली की बाजूची तिची अर्धी पाथ काढून देते, आणि संध्याकाळी पैसे सारखेच वाटतात. किलोवरची वेचणी आली की तीच बाई पुढे निघून जाते, म्हातारीचं गठुडं लहान. मापायची पद्धत बदलली की शेजारधर्माला पण वेगळी किंमत पडते.

आता शेतकरी पण शिकलेत. मागच्या हंगामात गावातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला की वेचणीला किलोमागे अमुकपेक्षा जास्त कोणीही देऊ नये, खाली पंधरा-वीस अंगठे. नानांचा पण अंगठा. तिसऱ्या दिवशी दुपारून आभाळ भरून आलं, शेतं पांढरी झालेली, एक सर आली असती तरी कापूस पिवळा पडला असता. रात्री साडेआठला नाना गल्लीच्या तोंडाशी मावशीच्या दारात उभे होते, किलोमागे दोन रुपये जास्त आणि सकाळी न्यायला छोटा हत्ती टेम्पो, आणि तेवढं ग्रुपवर नको टाकायला म्हणाले. मावशीने आत जाऊन चार जणींना फोन केले आणि बाहेर येऊन तीन रुपये सांगितले.